मेंढपाळाचा सोबती

पावसाळा संपला, की दख्खनच्या पठारावरील कोरड्या मुलखातून धनगरांचे वाडे हलू लागतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले असते, पुढेमागे मेंढरांचा कळप चाललेला असतो आणि कळपाच्या कडेकडेने दोनतीन कुत्री मुकाट्याने वाट चालत असतात. चाऱ्याच्या शोधात ही माणसे कित्येक कोस भटकतात. काही तर घाट उतरून थेट कोकणात जातात. वाटेत एखादा शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, कारण लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो. रात्र पडते. दिवसभराच्या चालीने थकलेली माणसे झोपी जातात. कुत्री मात्र जागी असतात. लांडग्याची चाहूल लागताच ती भुंकून सारा वाडा उठवितात आणि प्रसंग पडला तर त्याच्या अंगावरही धावून जातात. धनगराचा कुत्रा मेंढरांकडे पाठ आणि अंधाराकडे तोंड करून बसतो. त्याचे काम राखणीचे.

मेंढपाळाच्या सोबतीला राहणाऱ्या कुत्र्यांचा आणखी एक प्रकार आहे. हा कुत्रा राखण करीत नाही. तो मेंढरे वळतो. त्याचे तोंड सदैव मेंढरांकडे असते. धनी सांगेल तिकडे तो कळप नेतो, सांगेल तेथे थांबवितो आणि हे सारे करताना एकाही मेंढरास दात लावीत नाही. अशा कुत्र्यांत विशेष नावाजलेली जात म्हणजे बॉर्डर कॉली. हा कुत्रा कसा घडला, त्याला कसे वाढवितात, काय शिकवितात आणि त्याची परीक्षा कशी घेतात, हे या पाठात पाहावयाचे आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाची डोंगरांची रांग आहे. हे डोंगर फार उंच नाहीत. पण ते उघडेबोडके असून त्यांवर सतत वारा वाहत असतो. झाडी थोडी, वस्ती त्याहूनही थोडी. या उतारांवर मेंढ्या महिनोन् महिने मोकळ्या चरत असतात. लोकर कातरण्यासाठी, औषध पाजण्यासाठी, कोकरे निराळी करण्यासाठी त्यांना वर्षातून अनेकदा खाली आणावे लागते. ब्रिटनमधील लांडगे काही शतकांपूर्वीच नष्ट झाले. त्यामुळे तेथील मेंढपाळाला रात्रीच्या राखणदाराची गरज फारशी उरली नाही. त्याची अडचण निराळीच होती. समोरच्या डोंगरावर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या मेंढ्या एकत्र आणावयाच्या कशा? माणूस एका बाजूने डोंगर चढू लागला, की मेंढ्या दुसऱ्या बाजूने उतरू लागतात. धुके पडले, तर त्या दिसतही नाहीत.

याच सीमाप्रदेशात १७७० साली जेम्स हॉग नावाचा एक मुलगा जन्माला आला. घरची गरिबी असल्यामुळे शाळा त्याला जेमतेम काही महिनेच मिळाली. बालपणापासून त्याने गुरे आणि मेंढ्या राखल्या, मोठेपणी तो स्वतःच्या खटपटीने लिहिण्यावाचण्यात तरबेज झाला आणि पुढे स्कॉटलंडचा एक प्रसिद्ध कवी म्हणून नावारूपाला आला. लोक त्याला ‘एट्रिकचा मेंढपाळ’ म्हणत. आपल्या कुत्र्यांविषयी त्याने मोठ्या प्रेमाने लिहून ठेविले आहे.

एके दिवशी हॉगला वाटेत एक माणूस भेटला. त्याने दोरीला बांधून एक कुत्रा चालविला होता. कुत्रा उपासमारीने खंगलेला आणि दिसण्यात अगदी ओबडधोबड होता. पण त्याच्या उदास चेहऱ्यात हॉगला काहीतरी बुद्धीची चमक दिसली आणि त्याने एक गिनी देऊन तो विकत घेतला. या कुत्र्याचे नाव सिरा. तो तेव्हा वर्षाचाही नव्हता आणि मेंढी कशी वळवितात, याची त्याला काहीच कल्पना नव्हती. परंतु हे आपले काम आहे आणि त्याने आपला धनी संतुष्ट होतो, एवढे ध्यानात येताच तो जिवापाड शिकू लागला. हॉगला काय हवे आहे हे कळेपर्यंत तो नाना प्रकारे प्रयत्न करून पाही. आणि एकदा एक गोष्ट कळली, की ती पुन्हा कधी विसरत नसे.

एका रात्री हॉगच्या ताब्यात सुमारे ७०० कोकरे होती. ती आईपासून नुकतीच तोडलेली असल्यामुळे बावरलेली होती. मध्यरात्री ती अकस्मात उधळली आणि तीन टोळ्या होऊन तीन दिशांना डोंगरांत पसार झाली. रात्र काळोखी होती. कोकरे गेली, एवढेच हॉगने सिराला सांगितले. तो कोठे गेला, हे त्याला दिसलेही नाही. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर डोंगर धुंडाळीत राहिले. ना कोकरू दिसले, ना कुत्रा. पहाट झाली तेव्हा, सारा कळप आपण गमावला, हे मालकाला कोणत्या तोंडाने सांगावे, या विचारात ते दोघे परत फिरले. तोच एका खोल घळीत त्यांना कोकरांचा एक घोळका दिसला. घोळक्यासमोर सिरा उभा होता आणि कोणी मदतीला येते की काय, म्हणून इकडेतिकडे पाहत होता. तीन टोळ्यांपैकी एक तरी त्याने राखली, असे हॉगला प्रथम वाटले. जवळ जाऊन पाहतो तो सातशेची सातशे कोकरे तेथे होती. एकही कमी नव्हते. त्या काळोखात त्याने तिन्ही टोळ्या कशा एकत्र आणल्या, हे हॉगला अखेरपर्यंत उमगले नाही.

हॉगने एक हिशेबही मांडून दाखविला आहे. कुत्रा नसता तर या डोंगराळ मुलखात मेंढ्या राखण्यासाठी इतकी माणसे ठेवावी लागली असती, की सगळ्या कळपाच्या उत्पन्नातून त्यांचे पोटसुद्धा भरले नसते. तेव्हा या प्रदेशातील मेंढपाळाच्या भाकरीत कुत्र्याचा वाटा फार मोठा आहे.

मेंढरे वळण्याची ही विद्या कुत्र्याला आली कोठून? याचे उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती त्याला लांडग्याकडून आली. कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातील प्राणी. लांडग्याची शिकार पायरीपायरीने चालते. तो सावज हेरतो, त्याच्यावर नजर रोखतो, अंग जमिनीसरसे करून दबकत पुढे सरकतो, वळसा घालून त्याला घेरतो, पाठलाग करतो, चावा घेतो आणि शेवटी ठार मारतो. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या कुत्र्यांची निवड करून यांपैकी पहिल्या पायऱ्या पक्क्या केल्या आणि शेवटच्या दोन पुसट केल्या. जो कुत्रा मेंढीस चावे, त्याची पिल्ले कोणी ठेवीत नसे. जो नुसत्या नजरेने तिला वळवी, त्याच्या पिल्लांना मागणी येई. अशा रीतीने मेंढ्यांच्या शत्रूची विद्याच मेंढ्यांच्या कामी आली. तरीही चावा घेण्याची इच्छा समूळ नाहीशी झालेली नसते. तिला आवर घालणे, हाच या कुत्र्याच्या शिक्षणाचा गाभा आहे.

आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष म्हणून ‘ओल्ड हेम्प’ या कुत्र्याचे नाव घेतले जाते. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात १८९३ साली ॲडम टेल्फर या शेतकऱ्याकडे तो जन्मला. त्याचा बाप रॉय हा मोकळ्या स्वभावाचा व माणसाळू होता. आई मेग बुजरी, पण तिची नजर विलक्षण भेदक. हेम्पमध्ये दोघांचे गुण उतरले. तोवरची बरीच कुत्री भुंकून आणि धाव घेऊन मेंढ्यांना पळवीत असत. हेम्प मुळीच भुंकत नसे. तो दबकत येई, नजर रोखी, आणि मेंढ्या निमूटपणे चालू लागत. त्याची ही रीत पाहून दूरदूरचे मेंढपाळ त्याची पिल्ले मागू लागले. तो १९०१ साली मरण पावला. त्याला दोनशेहून अधिक पिल्ले झाली होती. या कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवण्यासाठी व त्यांच्या स्पर्धा भरविण्यासाठी १९०६ साली आंतरराष्ट्रीय मेंढी-कुत्रा संस्था स्थापन झाली. सीमेवरचा कुत्रा या अर्थी ‘बॉर्डर कॉली’ हे नाव १९१५ साली या संस्थेचे चिटणीस जेम्स रीड यांनी प्रथम वापरले.

आता या कुत्र्याचे संगोपन कसे करतात ते पाहू. पिल्लू दोन महिन्यांचे झाले, की त्याला आईपासून निराळे करून नव्या घरी आणतात. यापुढचे काही महिने त्याला मेंढ्यांत मोकळे सोडीत नाहीत. याची कारणे दोन. रागावलेल्या मेंढीने एखादी धडक दिली, तर कोवळ्या पिल्लाला दुखापत होते आणि त्याच्या मनात मेंढ्यांची कायमची धास्ती बसते. शिवाय लहान पिल्लाच्या पायांत मेंढीला ओलांडून पुढे जाण्याचा वेग नसतो. मग ते तिच्या मागे धावत सुटते आणि पाठलाग करण्याची वाईट खोड त्याला जडते.

म्हणून या वयात त्याला घरातील साधे वळण लावतात. आपले नाव ओळखणे, हाक मारताच येणे, सांगताच खाली बसणे, दोरी न ओढता धन्याच्या बाजूने चालणे, अनोळखी माणसांना आणि वाहनांना न भिणे, एवढे त्याला आले म्हणजे पुष्कळ झाले. यांत हाक मारताच येणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी धन्याने एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. पिल्लू कितीही उशिरा आले, तरी आल्यावर त्याला रागे भरावयाचे नाही. आपण उशीर केला म्हणून मार बसला, असे पिल्लाला समजत नाही. आपण जवळ आलो म्हणून मार बसला, असे ते समजते. मग पुढच्या खेपेस ते येतच नाही.

प्रकृतीचीही काळजी घ्यावी लागते. ठराविक वेळी माफक अन्न, ताजे पाणी, रोगप्रतिबंधक लशी आणि वेळोवेळी जंतांचे औषध या गोष्टी चुकवून चालत नाही. पिसाळीच्या रोगाची लस तर आपल्या देशात प्रत्येक पाळीव कुत्र्याला टोचून घेतलीच पाहिजे. मेलेल्या मेंढीचे कच्चे मांस किंवा आतडी कुत्र्याला कधीही घालू नयेत. त्यांतून एक प्रकारचा पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातो आणि कुत्र्यापासून त्याची अंडी मेंढ्यांना व माणसांनाही बाधतात.

पिल्लू दहाबारा महिन्यांचे झाले, म्हणजे खरे शिक्षण सुरू होते. एका लहानशा कुंपण घातलेल्या रानात चारपाच शांत मेंढ्या असतात. धनी मध्ये उभा राहतो आणि कुत्र्याला सोडतो. येथे एक मौज दिसते. कुत्रा आपण होऊन मेंढ्यांना वळसा घालतो आणि धन्याच्या अगदी समोर, कळपाच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. धनी डावीकडे सरला, की तोही आपली जागा बदलतो. धनी उजवीकडे गेला, की तोही दुसऱ्या बाजूला फिरतो. कळप सदैव दोघांच्या मध्ये असावा, ही त्याची उपजत ओढ असते. शिक्षक या ओढीचाच उपयोग करतो. कुत्रा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागला, की तो म्हणतो, “कम बाय.” उलट दिशेने फिरू लागला, की म्हणतो, “अवे टू मी.” म्हणजे कुत्रा जे आधीच करीत आहे, त्याला शिक्षक केवळ नाव देतो. पुष्कळदा असे झाले, की शब्द आणि कृती यांची गाठ पडते. मग नुसता शब्द उच्चारताच कुत्रा त्या दिशेने निघतो.

त्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे अंतर. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सभोवार दिसते. कुत्रा फार दूर असेल, तर ती त्याची पर्वा न करता चरत राहते. तो फार जवळ आला, तर घाबरून उधळते. या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य रेघ असते. तिच्यावर कुत्र्याने पाऊल ठेविले, की मेंढी शांतपणे चालू लागते. ही रेघ प्रत्येक कळपाची निराळी असते. डोंगरावरची रानट मेंढी दुरूनच बुजते. घराजवळची माणसाळलेली मेंढी जवळ आल्यावाचून हलत नाही. चांगला कुत्रा ही रेघ स्वतः ओळखू लागतो.

शिकत असताना कधी कधी कुत्रा चुकतो. तो फार जवळ जातो, कळप फुटतो, गोंधळ उडतो आणि एखाद्या वेळी तो मेंढीच्या लोकरीला तोंडही घालतो. अशा वेळी शिक्षकाचीच कसोटी लागते. त्याने संतापून आरडाओरडा केला, तर कुत्रा अधिकच बावरतो आणि त्याच्यासह मेंढ्याही. अनुभवी माणसे सांगतात, की असा चावा बहुधा दुष्टपणातून येत नाही. तो घाबरटपणातून किंवा गोंधळातून येतो. म्हणून शहाणा शिक्षक कुत्र्याला खाली बसवितो, मेंढ्यांना शांत होऊ देतो आणि मागची सोपी पायरी पुन्हा करवून घेतो. पाठ दहापंधरा मिनिटांहून लांबवीत नाही. आणि कुत्र्याने काहीतरी चांगले केले, की तेथेच थांबतो. दूरच्या कामासाठी तो आवाजाऐवजी शिटी वापरतो. शिटीचा आवाज वाऱ्यातही लांब जातो. शिवाय तिचा आणखी एक गुण आहे. माणसाच्या आवाजात जसा राग चटकन डोकावतो, तसा तो शिटीत डोकावत नाही.

मारून शिकविलेला कुत्रा धनी समोर असेतोवर आज्ञा पाळील, हे खरे. पण जेथे धन्याचा हात पोहोचत नाही, तेथेच या कुत्र्याचे खरे काम असते. मग तेथे त्याला कोण आवरणार? सिराजवळ त्या काळोख्या रात्री कोणीही नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

असा तयार झालेला कुत्रा लोकांपुढे आणण्याची पद्धत बरीच जुनी आहे. वेल्समधील बाला या गावी १८७३ साली ब्रिटनमधील पहिली नोंदलेली मेंढी-कुत्र्यांची स्पर्धा झाली. वेल्समध्ये भरलेली ही स्पर्धा तेथे राहणाऱ्या एका स्कॉटिश मेंढपाळाने आपल्या ट्वीड नावाच्या कुत्र्याच्या बळावर जिंकली. तेव्हापासून अशा स्पर्धा अनेक देशांत भरू लागल्या.

या स्पर्धेत बाकीच्या प्रदर्शनांसारखे कुत्र्याला नाहूमाखू घालून मांडवात उभे करीत नाहीत. मोठे रान असते. एका टोकाला खुंटापाशी धनी आणि कुत्रा उभे राहतात. दूर दुसऱ्या टोकाला पाच मेंढ्या सोडलेल्या असतात. आज्ञा होताच कुत्रा बाणासारखा निघतो. परंतु तो सरळ मेंढ्यांकडे धावला, तर गुण जातात. त्याने मोठा वळसा घालून, त्यांना न बुजविता, त्यांच्या मागे जावयाचे असते. या वळशाला २० गुण. त्यानंतर मेंढ्या पहिले पाऊल उचलतात, तो क्षण फार नाजूक. त्याला १०. त्यांना सरळ रेषेत धन्याकडे आणण्याला २०. नंतर त्यांना धन्यापासून दूर, फाटकांच्या मधून हाकीत नेण्याला ३०. आणणे कुत्र्याला उपजतच येते. दूर नेणे मात्र त्याच्या ओढीविरुद्ध असते, म्हणून त्याला सर्वांत अधिक गुण. पाचांपैकी काही मेंढ्या निराळ्या काढण्याला १० आणि सर्वांना लहानशा कुंपणात कोंडण्याला १०. असे हे १०० गुण. परीक्षक आरंभी पुरे गुण धरतात आणि प्रत्येक चुकीगणिक ते कमी करीत जातात. कुत्र्याने मेंढीला चावा घेतला, तर त्याला बहुधा बादच करतात.

कोंडण्याचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. कुंपण जेमतेम ८ फूट रुंद व ९ फूट लांब. त्याच्या फाटकाला ६ फुटांची दोरी बांधलेली असते. धन्याने ती हातात धरावयाची आणि मेंढ्या आत जाईपर्यंत सोडावयाची नाही. म्हणजे त्याला एका बाजूने हलताच येत नाही. दुसरी बाजू सर्वस्वी कुत्र्यावर. मेंढ्या फाटकाशी येतात, थांबतात, हुंगतात. एक मेंढी मागे वळून कुत्र्याकडे पाहते आणि पाय आपटते. कुत्रा हलत नाही. प्रेक्षकही श्वास रोखून उभे असतात. कुत्रा एक पाऊल टाकतो, थांबतो. पुन्हा एक पाऊल. पहिली मेंढी आत वळते आणि तिच्यामागून बाकीच्या जातात. त्याने दोन पावले घाईने टाकली असती, तर त्या चौफेर पांगल्या असत्या.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील निवडक कुत्र्यांची अंतिम स्पर्धा याहून कठीण असते. तीत १० मेंढ्या एका बाजूला आणि १० दुसऱ्या बाजूला, अशा दूरदूर ठेवितात. कुत्रा पहिला कळप घेऊन अर्ध्या वाटेवर येतो, तोच धनी त्याला मागे वळावयास सांगतो. ज्या मेंढ्या मिळविल्या, त्या सोडून द्यावयाच्या आणि ज्या बहुधा दिसतही नाहीत, त्यांच्या शोधात जावयाचे. कुत्रा थांबतो. मागे पाहतो. तिकडे रिकामे रान असते. पुन्हा शिटी होते आणि तो त्या रिकाम्या रानाकडे धावत सुटतो. आपल्या धन्याने आजवर कधी फसविलेले नाही, हा त्याचा एकच आधार. पुढे त्या वीस मेंढ्यांतून लाल पट्टे बांधलेल्या पाचच निवडून कोंडाव्या लागतात.

कुत्र्यांच्या रूपाची प्रदर्शनेही भरत असतात. त्यांत बांधा, चाल, केस, कान यांकडे पाहून बक्षिसे देतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ साली बॉर्डर कॉलीला अशा प्रदर्शनांसाठी मान्यता दिली. तेव्हा अनेक मेंढपाळांना काळजी वाटली. रूपासाठीच पिल्लांची निवड होऊ लागली, तर शंभर वर्षांत जोपासलेली बुद्धी आणि नजर मागे पडेल, असे त्यांचे म्हणणे. प्रदर्शनवाल्यांचे म्हणणे असे, की सुदृढ बांधा हाही गुणच आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण मेंढी-कुत्रा संस्थेची एक प्रथा मोठी बोलकी आहे. एखाद्या कुत्र्याची वंशावळ नोंदलेली नसली, तरी त्याने काम उत्तम करून दाखविले आणि त्याची प्रकृती निकोप ठरली, तर त्याचे नाव नोंदवहीत घेतात. सिरासारख्या खंगलेल्या, रस्त्यावर विकत घेतलेल्या कुत्र्यालाही तेथे जागा मिळाली असती.

आज आपल्याकडेही पुण्यामुंबईसारख्या शहरांत काही घरी बॉर्डर कॉली पाळलेला दिसतो. पण हा कुत्रा कामासाठी जन्मलेला आहे. त्याला दिवसभर लहानशा खोलीत कोंडून ठेविले, तर तो मोटारी, सायकली, इतकेच काय, घरातील मुलेही वळू लागतो आणि काही काम न मिळाल्यास झुरतो. ज्याला भरपूर मोकळी जागा आणि वेळ देता येत नाही, त्याने केवळ हौसेसाठी त्याला घरी आणू नये. कुत्रा पाळावयाचाच असेल, तर आपल्या दाराशी येणारे गावठी पिल्लूही हाक मारताच येणे, बसणे आणि सांगताच थांबणे याच रीतीने शिकू शकते.

बॉर्डर कॉलीला शिकविलेल्या आज्ञांत एक आज्ञा अखेरची असते. “दॅटल डू,” असे धनी म्हणतो. तिचा अर्थ, “आता पुरे.” तोवर कुत्र्याचे सारे लक्ष मेंढ्यांवर खिळलेले असते, अंग ताणलेले असते, डोळे रोखलेले असतात. हा शब्द कानी पडताच तो मेंढ्यांकडे पाठ फिरवितो आणि धन्याच्या पायांशी येतो. अंगी बळ असताना, मन अजून कामात रंगलेले असताना, सांगितल्याबरोबर थांबणे सोपे नसते. ज्या माणसाने आपला राग असाच वेळेवर आवरून त्याला शिकविलेले असते, त्याच्याच शब्दासाठी तो थांबतो. मग दिवस मावळतीला लागलेला असतो आणि डोंगराच्या पायवाटेने माणूस पुढे व कुत्रा त्याच्या टाचेशी, असे ते दोघे घराकडे चालू लागतात.

स्वाध्याय

१. धनगराचा कुत्रा आणि बॉर्डर कॉली यांच्या कामांत कोणता फरक आहे?
२. उधळलेल्या कोकरांची हकीकत आपल्या शब्दांत लिहा.
३. लहान पिल्लाला मेंढ्यांत का सोडीत नाहीत?
४. हाक मारल्यावर उशिरा आलेल्या पिल्लाला रागावणे चूक का?
५. स्पर्धेत मेंढ्या दूर हाकीत नेण्याला सर्वांत अधिक गुण का ठेविले आहेत?
६. ‘कुत्र्याला शिकविताना शिक्षकाचीच कसोटी लागते.’ हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
७. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेल्या एखाद्या पाळीव प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करा आणि तो काय काय समजतो, याविषयी दहा ओळी लिहा.